नावाला कंस नाही

सातारा
रविवार, भर दुपार

प्रिय सुले,

आठ महिने झाले. दिवाळीत तू फोन आपटलास (मोबाइल आपटता येत नाही, पण तू आपटलास, मला ऐकू आलं) त्यानंतर तीनदा पत्र लिहिलं आणि तीनदा फाडलं. एकाचा मायना तर ‘चि. सौ. मानिनीस’ असा होता. फाडलं ते बरंच झालं.

माझी तब्येत बरी. साखर आहे तिथेच आहे, गुडघा बोलतो, मी ऐकत नाही. तुझ्या मोतीबिंदूचं कुंदाकडून कळलं. आता नीट दिसत असेल तर हे सावकाश वाच. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. ह्यांना सांगितलं तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “वकील बघेल की.”

जागा सापडली. आपली ती जागा. वाईच्या अलीकडे, आत पाचेक किलोमीटर. २४ गुंठे, जिरायत, बांधावर दोन आंबे आणि एक जांभूळ. दोन खोल्या, पुढे पडवी, संध्याकाळी तू भाकरी करपवणार आणि मी बोलणार, तेच सगळं. विसार म्हणून ५१ हजार देऊनही बसले. दोघे चुलतभाऊ विकतायत. एजंटाने पहिल्याच दिवशी सातबारा पुढ्यात टाकला. “मॅडम, कोरा आहे. बघून घ्या.”

कोरा म्हणजे बोजा नाही, एवढंच. पण मला तो शब्द पुरला, हे मला आता लागतंय. मी ३१ वर्षं बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर काढली. हजारो सातबारे हाताखालून गेले. आमची नजर म्हणजे घोडा घ्यायला गेलेल्या माणसाने नुसते दात बघावेत तशी. ‘इतर हक्क’ ह्या रकान्यात दुसऱ्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे का, आपला चढवून घेतला का, संपलं. बाकीच्या कागदावर काय लिहिलंय ते मी कधी वाचलंच नाही. त्या खेपेला तुला ‘मी कागद वाचणारी बाई आहे’ असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. तेवढं मागे घेते.

वाचायला लावलं ते वकीलबाईंनी. ही आपल्या चित्रकलेच्या बाईंची नात. तोच नाकाचा शेंडा, तीच ‘पुन्हा काढा’ म्हणायची खोड. ती म्हणाली, “काकू, सातबारा मालकी देत नाही. सरकारने सारा कुणाकडून घ्यायचा त्याची ती वही. कलम १५७ सांगतं, नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरायची. खोटी ठरेपर्यंत, हे लक्षात ठेवा.” मग नावापुढच्या फेरफार नंबरांवर पेन टेकवत गेली. “ह्यातला प्रत्येक फेरफार मला पाहिजे. हे नाव का आलं आणि ते का गेलं, ते तिथे लिहिलेलं असतं.”

मी म्हटलं, दुय्यम निबंधकाकडचा ३० वर्षांचा शोध झालाय, सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची यादी, स्वच्छ आहे. पेपरात जाहीर नोटीसही दिली, कुणी हरकत घेतली नाही. तर हसली. “तिथे खरेदी दिसेल, गहाण दिसेल. माणूस मेला आणि तलाठ्याने वारस लावले, ते तिथे दिसत नाही. ते दस्तच नसतात.” सुले, इतकी साधी गोष्ट! माझ्या डोक्यात वीज पडल्यासारखं झालं. आपल्याकडची निम्मी जमीन विकून नाही, मरून हातबदल होते.

मग तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूमचे हेलपाटे. नकलेचा अर्ज, त्यावर तिकीट, ‘उद्या या’. जुनं बरंचसं स्कॅन झालंय म्हणतात. आमचंच नेमकं पुसट. हाताने लिहिलेले सातबारे, दर काही वर्षांनी नव्या पानावर उतरवलेले, शाईचे तीन रंग. गटवारीत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आला, म्हणून एकाच रानाला दोन नावं, बाईमाणसासारखी. एका पानावर नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ होतं. तिथली नवी मुलगी मला विचारते, “आजी, हे एकुमॅ आडनाव कुठलं हो?” एकत्र कुटुंब मॅनेजर गं बाई! थोरल्याचं एकट्याचं नाव आणि पोटात अख्खं खटलं. आपल्या अण्णांना दाखवायला पाहिजे होतं, ‘मॅनेजर’ वाचून मिशीला पीळ दिला असता.

बाकीचं बरंचसं ठीक निघालं. भोगवटादार वर्ग १, कुळाची भानगड नाही, म्हणजे परवानगीला प्रांत-कलेक्टर नको. २० गुंठ्यांच्या वर आहे, म्हणून कायद्याने ‘तुकडा’ही ठरत नाही. मोजणी मागवली तर शेजाऱ्याने चारेक फूट बांध खाल्लेला. त्याला मी चहाला बोलावलंय.

आता ते. १९७४ चा फेरफार. म्हातारा मेला. वारस म्हणून पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. मुलग्यांची नावं कब्जेदार म्हणून वर; बायको आणि मुलगी खाली, इतर हक्कात. जिथे बोजा लिहितात तिथे. पुढे बायको वारली, तिच्या नावाला कंस केला, म्हणजे नाव कमी केलं, शेजारी वर्तुळात फेरफारचा आकडा. रीतसर. मुलीच्या नावाला कंस नाही. वर्तुळ नाही. पान संपलं. पुढच्या पानावर सगळं उतरवलंय, विहिरीतला चौथा हिस्सासुद्धा उतरवलाय, आणि मुलीचं नाव नाही. हक्कसोड नाही, फेरफार नाही. कुणी काढलं नाही गं. कुणी उतरवून घेतलं नाही, इतकंच. मग त्या पानावरून संगणकात गेलं, आणि सातबारा कोरा झाला.

एजंट म्हणतो, “मॅडम, कॉम्प्युटरवर नाही म्हणजे नाही. आत्याबाईंनी पन्नास वर्षांत काही मागितलेलं नाही.” तिचे भाचे, म्हणजे विकणारे ते चुलतभाऊ, म्हणाले, आत्याला काय करायचंय, चुडेभरल्या हाताने नांदतेय, आम्ही दर दिवाळीला साडी नेतो. साडी म्हटल्यावर मला तू आठवलीस.

१९९९. निबंधक कचेरीबाहेरचं रसाचं गुऱ्हाळ. हक्कसोडपत्रावर साक्षीदार म्हणून तू मला नेलंस आणि मी ऐनवेळी सही करायला नकार दिला. केवढी बोलले होते मी! “अंजिरी साडीला सव्वा एकर घातलंस” असं म्हटलं होतं, नाही? तू काही न बोलता त्या गुऱ्हाळवाल्याला आत नेलंस आणि त्याची सही घेतलीस. त्याने रसाचे पैसे घेतले नाहीत, हे तू मला वर्षाने सांगितलंस. आणि मी? आमचे अप्पा गेल्यावर मी सही केली नाही. दादाच्या नावाखाली माझं नाव लागलं. तेव्हापासूनच्या भाऊबिजा तुला माहीत आहेत. दिवाळीत तू म्हणालीस, “जमिनीसाठी भाऊ घालवलास.” खरं सांगू, मला राग आला तो खोटं बोललीस म्हणून नाही.

पुढचं ऐक. शेतजमीन घ्यायला आपण शेतकरी असावं लागतं, कुळकायद्याचं कलम ६३. पुरावा काय? आपल्या नावाचा सातबारा. मी घरबसल्या काढला, डिजिटल सहीचा, १५ रुपये भरले. ज्या कागदापायी भाऊबीज गेली तो १५ रुपयांना मिळतो, सुले. आणि तुझं नाव खरेदीत माझ्याबरोबर घालता येत नाही. वकीलबाईंना मी दोनदा विचारलं. तू ९९ सालीच शेतकरी राहिली नाहीस. म्हणजे रसाच्या गुऱ्हाळावरचं आपलं भांडण सरकारदरबारी मी जिंकलं. जिंकून काय करू? तुझं नाव इतर हक्कात घालू का? विहिरीच्या हिश्शाशेजारी?

तर मी त्या आत्याकडे गेले. भाचे नको म्हणत होते, वकीलबाई म्हणाली गेलंच पाहिजे. फाइल काखेत, पिशवीत पेन, शाईचा पॅड. (अंगठा असेल तर, म्हणून. बँकेची सवय.) एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की आयुष्यभर बायकांना ‘सही करू नकोस’ सांगणारी मी, एका म्हातारीची सही आणायला चाललेय. अंजिरी साडी तेवढी नव्हती पिशवीत. परत फिरावंसं वाटलं. पण ५१ हजार, सुले. ५१ हजार माणसाला पुढे ढकलतात.

अठ्ठ्याहत्तरीची असेल. अंगणात शेंगा फोडत होती. पेपर त्या घरात येत नाही आणि आला तरी तिला वाचता येत नाही, म्हणजे आमच्या जाहीर नोटिशीचं कल्याणच. मी सगळं सांगितलं. नव्याने काही कळल्यासारखं तिने दाखवलं नाही. बांधावरचं जांभूळ आहे का, एवढं विचारलं. आहे म्हटलं. मग नक्कल मागितली, “कुठं हाय माझं नाव?” मी बोट लावून दाखवलं. तिने ते बोट बाजूला केलं आणि आपलं ठेवलं. शेंगांची माती लागली कागदाला. मला वाटलं आता रडेल. माझीच तयारी झाली होती. ती म्हणाली, “कितीला इकत्यात?”

आकडा सांगितला. तिने मनात भागिले तीन केलं. सुले, पाटी न शिकलेली बाई, माझ्याआधी उत्तर काढलं! वकीलबाईंचाही हिशोब तोच. म्हाताऱ्याची स्वकष्टाची धरली तर १९५६ च्या कायद्याने मुलगी पहिल्या वर्गाची वारस, वडिलार्जित धरली तरी २००५ ची दुरुस्ती आणि २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, बाप आधी गेला असला तरी मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, आणि मधे नोंदलेली वाटणीही कुठे झालेली नाही. कुठल्याही वाटेने गेलं तरी आठ गुंठे. मी म्हटलं, खरेदीखतात लिहून देणार म्हणून तुमचं तिसरं नाव घालू, तुमच्या नावाचा वेगळा चेक देते. मला वाटलं, केवढी मी उदार.

तर म्हणाली, “चेक द्या. पर आधी नाव लावा. हितं खाली न्हाई, वर. भावांच्या वळीत. मग सही.”

मी समजावलं की त्याची गरज नाही, नाव न लावताही सही करता येईल, पैसे तेवढेच. तिने शेंगा पुढे ओढल्या. “तुमचं लागलंया का तुमच्या बापाच्या?” मी हो म्हटलं. “मग?”

ह्या ‘मग’ला मला तीन दिवस उत्तर सापडलेलं नाही.

आता पेच असा. वकीलबाई म्हणते, कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येईल, नाव उतरवताना राहिलं म्हणजे लेखनाची चूक. पण १५५ ने मिळालं तर जिथे होतं तिथे, इतर हक्कात मिळेल. वर आणायचं तर पुढे वेगळा अर्ज, भाच्यांची संमती, नाहीतर प्रांताकडे अपील. महिने जातील, वर्षही जाईल. विसाराची मुदत पुढच्या महिन्यात संपते. भाच्यांनी कळवलंय, पुण्याची एक पार्टी कोऱ्या सातबाऱ्यावर घ्यायला तयार आहे. थोरला मला फोनवर म्हणाला, “बाई, तुम्ही जमीन घ्यायला आलाय का आमचं घर फोडायला?” तुझा आवाज ऐकू आला मला त्यात. दिवाळीतला.

ह्यांचं म्हणणं, मुकाट्याने विसार परत घ्या आणि दुसरी जागा बघा. शहाणपणाचं तेच आहे. मी आत्याचा अर्ज तिच्यासाठी टाइप करून ठेवलाय. तिच्या भाच्यांना सांगितलेलं नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतेय. टाकू की नको ते मला कळत नाही, आणि ह्या बाबतीत मी तुला सल्ला विचारतेय, ह्यातली गंमत तू एकटीच ओळखशील. कुंदाला सांगू नकोस, ती लगेच व्हॉट्सॲपच्या गटावर टाकेल.

इंदूरला उकाडा कसा आहे? सून अजून पोह्यांवर शेव घालून तुला छळते का? नातवाला मराठी लिहायला शिकवतेयस म्हणे, ‘ळ’ आला का त्याला? तुझ्या भावाचं ऑपरेशन नीट झालं ना? त्याला माझा नमस्कार सांग. मनापासून सांगतेय, टोमणा नाही.

आणि एक. मागच्या आठवड्यात तो १५ रुपयांचा कागद काढला तेव्हा दादाच्या नावापुढे सोसायटीचा बोजा दिसला. नवीन आहे. मोठा आहे. एकाच गटात आम्ही दोघं, म्हणून मला दिसला. एरवी मला कुणी सांगितलं नसतं. फोन करू का त्याला? नंबर बदललाय की तोच आहे, तुझ्या भावाला माहीत असेल. विचारून कळव. फोन करू नकोस, मला रडू येतं आणि तू आपटतेस. लिही.

तुझी,
शमी

ता. क. आत्याने निघताना मूठभर शेंगा बांधून दिल्या. शाईचा पॅड तिथेच विसरले. आणायला जावं लागेलच.