बाय, रात्री निघू नकोस

भुईगाव, वसई
२२ ऑगस्ट २०२५

प्रिय बाय,

काल फोनवर आपलं वाजलं, त्यानंतर मला झोप आली नाही. फोनवर तुझा आवाज चढला की मला पुढचं सुचत नाही, म्हणून लिहायला बसलेय. आल्विन रविवारी पुण्याला परत जातोय, त्याच्याजवळ हे पत्र आणि सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी देते. सुकेळी मार्चातली आहेत, सोपटात बांधलेली. पुडकं उघडल्यावर डब्यात भर, नाहीतर पावसात ओल धरतात.

आधी एक सांगते. तामिळनाडूला वेलंकनीच्या मातेकडे जाऊ नका, असं मी म्हटलं नव्हतं. रात्री निघू नका, एवढंच म्हटलं. तू म्हणालीस, शुक्रवारी विल्सन ऑफिसातून आला की निघू, मुलं मागे झोपतील, रस्ता मोकळा मिळेल, सकाळी बेंगळुरू. शनिवारी पुण्यात विसर्जन, दिवसभर रस्ते बंद. तुझं म्हणणं सगळं बरोबर आहे, मला पटतं. पण पटलं म्हणून छातीतली धडधड थांबत नाही. आणि मग तू म्हणालीस, "आई, तुझाच नवस फेडायला चाललेय ना मी?" त्याच्यावर मी काय बोलणार होते?

नवस माझाच आहे. १९९३चा. तू तीन वर्षांची होतीस. तापात तू डोळे फिरवलेस तेव्हा बाबा दादरला फुलं घेऊन गेले होते आणि घरात मी आणि माई दोघीच. माई तुझ्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती. मी आल्तारासमोर उभी राहून म्हटलं, माते, ही उठून बसली तर हिला तुझ्या पायाशी आणीन आणि हिच्या उंचीची मेणबत्ती लावीन. तू उठून बसलीस. मेणबत्ती राहिली ती राहिलीच. आधी पैसे नव्हते, मग माई अंथरुणाला खिळली, मग तुझी दहावी. प्रत्येक वर्षी २९ ऑगस्टला सणाआधीची नोव्हेनाची प्रार्थना सुरू झाली की मनात यायचं, या वर्षी नक्की. मग ८ तारखेचा सण उलटून जायचा आणि आपण वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेला जाऊन समाधान मानायचो.

तुला गोव्याची पहिली वारी आठवत नसेल. १९९४चा डिसेंबर होता, संत फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. आपल्या धर्मग्रामातून बस केली होती, संध्याकाळी पाच वाजता चर्चसमोरून निघालो. फादरनी बसवर पवित्र पाणी शिंपडलं आणि सगळ्यांनी रोझरीची माळ सुरू केली. पनवेल, पेण गेलं आणि एकेक जण पेंगायला लागला. तू माझ्या मांडीवर. महाडला चहा झाला आणि पुढे बघते तर माई जागेवर नाही. ती पुढे ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर गोधडी टाकून बसलेली. कशेडी घाटात ती मोठ्याने माळ म्हणत होती. मधेच थांबून ड्रायव्हरला सुकेळं द्यायची, त्याला किती मुलं, गाव कुठलं ते विचारायची, आणि पुन्हा माळ. बिचारा आपल्यातला नव्हता. पण रात्रभर ऐकून ऐकून पहाटे सावंतवाडीच्या अलीकडे तो तिच्या मागोमाग पुढचं अर्धं म्हणायला लागला होता. सकाळी मी माईला म्हटलं, तुम्ही डोळ्याला डोळा लावला नाही, आता रांगेत कशा उभ्या राहणार? ती म्हणाली, "मी झोपले असते तर तोही झोपला असता."

तेव्हा बाबूमामाला जाऊन सहा वर्षं झाली होती. मी त्याचं पुन्हा काढणार नव्हते.

से कॅथेड्रलमध्ये आपण साडेचार तास रांगेत होतो. पेटीजवळ पोहोचल्यावर तू मोठ्याने विचारलंस, "याचा एक हात कुठे गेला?" मागच्या बाईने तुला गप्प केलं, पण बाबांनी तिथेच सांगितलं, उजवा हात १६१४ साली रोमला नेला, ज्या हाताने त्यांनी हजारोंना बाप्तिस्मा दिला तो. बाबांना हे सगळं पाठ असतं. लिस्बनहून गोव्याला यायला संताला तेरा महिने लागले, १५४१चा एप्रिल ते १५४२चा मे. मग मलाक्का, जपान, आणि शेवटी चीनच्या किनाऱ्यासमोरच्या एका बेटावर ३ डिसेंबरला देवाघरी गेला, वर्ष १५५२. त्याच्या आईचं नाव मारिया होतं, हे मला फार पुढे कळलं. तो हिंदुस्थानात यायला निघाला त्याच्या कितीतरी आधी ती देवाघरी गेली होती. तिला वाट बघावी लागली नाही, असं माझ्या मनात येतं. असं मनात येऊ नये, पण येतं.

आता २००४. तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस, तुला सगळं आठवत असणार, पण एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. त्या नाताळात आपण वेलंकनीलाच जाणार होतो. माझं ठरलं होतं, नाताळची मिस्सा तिथेच ऐकायची आणि नवस फेडायचा. बाबा म्हणाले, शवप्रदर्शन दहा वर्षांनी येतं, वेलंकनी कुठे पळून जाते? मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मग वसई रोडला गुजरातकडून येणारी गाडी पकडली आणि मडगावला गेलो. २६ डिसेंबरला रविवार होता. आपण ज्या घरी उतरलो होतो तिथे टीव्हीवर त्सुनामीचा समुद्र दाखवायला लागले. वेलंकनीचा किनारा. नाताळासाठी गेलेली माणसं, लहान मुलं, किनाऱ्यावर फिरायला गेलेली. तू विचारत होतीस, आई, तू का रडतेस? मी म्हटलं, डोकं दुखतंय.

नंतर कितीतरी दिवस मी सगळ्यांना सांगायची की मातेने आम्हाला वाचवलं. एकदा फादरना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "मग जे तिच्या दाराशी येऊन गेले, त्यांची ती आई नव्हती का?" त्या दिवसापासून मी ते वाक्य उच्चारलं नाही. पण त्यानंतर वेलंकनीचं नाव काढायचंही मला धैर्य झालं नाही. नवस तसाच पडून राहिला. देवमातेला मी दिलेला शब्द मोडला आणि कारण काय, तर भीती. बाय, हे मी बाबांनाही सांगितलेलं नाही.

म्हणून तू जातेस याचा मला आनंद आहे. खरा आनंद आहे. फक्त रात्री नको.

हे बघ, पुणे ते बेंगळुरू साधारण ८४० किलोमीटर. बाबांनी काल कॅलेंडरच्या मागे सगळा रस्ता लिहून काढला: कराड, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगिरी, चित्रदुर्ग, तुमकुरू. तिथून पुढे कृष्णगिरी, सेलम, त्रिची, तंजावर, नागपट्टिणम. शनिवारी पहाटे चारला निघालात तर मिरवणूक सुरू व्हायच्या आत तुम्ही कात्रजच्या पलीकडे असाल. दुपारी जेवायला हुबळी, मुक्काम चित्रदुर्ग नाहीतर तुमकुरू. दुसऱ्या दिवशी रविवार, कुठल्यातरी चर्चमध्ये सकाळची मिस्सा ऐका आणि अंधार पडेपर्यंत जेवढं होईल तेवढं पुढे जा. सोमवारी ८ तारीख, दुपारपर्यंत पोहोचाल. सणाच्या पहिल्या मिस्सेला नाही पोहोचलात तरी माता दार लावून घेत नाही. विल्सन आठवडाभर ऑफिसात राबून आलेला असतो, त्याला शुक्रवारी रात्री चाकामागे बसवू नकोस. आणि तूही बसू नकोस. पहाटे तीन ते पाच माणसाचा डोळा कधी लागतो ते त्यालाही कळत नाही. मुलांना मागे पट्टे लाव, जोआनाने कितीही हट्ट केला तरी पुढे मांडीवर घ्यायचं नाही. बंद पडलेला ट्रक अंधारात दिवा न लावता उभा असतो, तो दिसेपर्यंत

राहू दे. मी पुन्हा शिकवायला लागले. तू पस्तीस वर्षांची आहेस, माझ्यापेक्षा जास्त रस्ते पाहिलेस. चुकलं माझं.

तू गाडी शिकलीस तेव्हा या घरात एकाही बाईने स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता. बाबांच्या टेम्पोवर शिकलीस, बावखलाच्या पाण्याच्या कडेने, आणि मी अंगणात उभी राहून डोळे मिटून घ्यायची. पण तू पहिल्यांदा एकटी टेम्पो घेऊन स्टेशनला फुलांच्या करंड्या पोहोचवून आलीस ना, त्या दिवशी मी शेजारी जाऊन मुद्दाम सांगून आले. चार घरी सांगितलं. तुला कधी सांगितलं नाही.

आणि सहा वर्षांपूर्वीची ती जुलैची रात्र. बाबांच्या छातीत कळ आली, अडीच वाजले होते, रस्त्यावर गुडघाभर पाणी. रुग्णवाहिका येईना. तू गाडी काढलीस. मी मागे बाबांचं डोकं धरून बसले होते आणि आरशात तुझे डोळे दिसत होते. त्या रात्री मी एकदाही 'हळू' म्हटलं नाही. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर. काल फोन ठेवल्यावर बाबांनी मला एवढंच म्हटलं, "मला तिनेच रात्री नेलं होतं." आणि कूस बदलली. मला त्यांच्यावर राग आला, कारण ते खरं बोलले.

मी काय करू सांग. लग्न झाल्यापासून मी वाटच बघत आलेय. बाबा पहाटेच्या पहिल्या लोकलने दादरला जायचे. जाईच्या कळ्या रात्री दोन-अडीचला उठून तोडायच्या, ओल्या फडक्यात बांधायच्या आणि ते अंधारात निघाले की मी दाराशी. दुपारी फाटकाची कडी वाजली की मगच मी माझं ताट वाढून घ्यायची. पस्तीस वर्षं. बायबलात तोबिताच्या पुस्तकात तोबियाची आई आहे ना, तिची गोष्ट तुला लहानपणी सांगायची. तुला त्यातला फक्त कुत्रा आवडायचा, तोबिया आणि राफाएल देवदूत यांच्या मागोमाग निघालेला. मुलगा परतायला उशीर झाला तेव्हा ती रोज वाटेवर जाऊन बसायची, नवरा सांगतो तो येईल, तर म्हणायची, गप्प बसा, मला फसवू नका. मी ते कितीदा वाचलंय. आणि सोमवारी, शनिवारी माळेत आनंदाची रहस्ये म्हणताना पाचव्याला मी हमखास अडखळते. एक दिवसाची वाट चालून गेल्यावर मारियाला कळलं की मुलगा येशू बरोबर नाही. तिला काय झालं असेल.

माईने बाबूमामाच्या चपला शेवटपर्यंत दाराशी ठेवल्या होत्या. पावसाळ्यात आत घ्यायची, उन्हाळ्यात पुन्हा बाहेर. मी तिला एकदा म्हटलं होतं, आता काढून टाका. तेव्हा तू पोटातही नव्हतीस. आज असतं तर मी तसं बोलले नसते.

मुलांना सुकेळी चावून खायला सांग, घशात अडकतात. एडनला गाडी लागते, त्याच्यासाठी लिंबू आणि आवळ्याच्या फोडी ठेव. आम्हाला यायला जमणार नाही, बाबांचे डोळे आणि माझे गुडघे तू जाणतेस, आणि तू विचारलंस तेव्हाच माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पाकिटात एक दोरा ठेवलाय, जाईच्या गजऱ्याचा. मधल्या खोलीच्या चौकटीवर तुझी उंची पेन्सिलने लिहिलेली आहे ना, रंग दिला तरी बाबांनी तेवढा भाग सोडला होता. त्यातली सगळ्यात खालची खूण १९९३ची. काल ती मोजली, ९१ सेंटिमीटर. दोरा तेवढाच कापलाय. तिथे मेणबत्त्यांच्या दुकानात हा दोरा लावून तेवढी मेणबत्ती घे. तुझ्या आजच्या उंचीची नको, नवस त्या पोरीचा होता. पैसे १००१ रुपये आल्विनजवळ दिलेत, ते माझ्याच हातचे आहेत, फुलांचे. आणि एक लहान मेणबत्ती बाबूमामाच्या नावाने.

आरोग्य माता तुमच्याबरोबर असो. एडनला, जोआनाला पापा. विल्सनला आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. क. कोल्हापूरला बाबांच्या ओळखीचे एक फुलांचे व्यापारी आहेत, शाहूपुरीत घर आहे. बाबांनी आज सकाळी कुणाला न विचारता त्यांना फोन लावला. शुक्रवारी रात्री निघायचंच असेल तर चार-साडेचार तासांत तिथे पोहोचाल, वरची खोली रिकामी ठेवतो म्हणाले, कितीही उशीर झाला तरी दार उघडतील. पहाटे उठून पुढे जा. नंबर आल्विनजवळच्या चिठ्ठीत आहे.