रविवारच्या डिझाइन वर्गाची सूचना

मंडळी, रविवारी सकाळी १० ला वाचनालयात इंकस्केप (चित्र रेखाटायचं सॉफ्टवेअर) आणि गिंप (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) शिकायला बसतोय. खानापूर, निपाणीहून येणाऱ्यांनी दोन्ही सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घरूनच टाकून आणा, फुकट आहेत.

गणेशोत्सव मंडळाचं बोधचिन्ह इंकस्केपमध्येच काढायचं. तिथे रेषा गणिताने साठते, म्हणून तेच चिन्ह वर्गणीच्या पावतीवर आणि २० फुटी फ्लेक्सवरही स्वच्छ उठतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो तेवढा ताणला की बाप्पाच्या डोळ्यांचे चौकोन होतात, बघवत नाही. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. ए४ छपाईला ३०० डीपीआयने (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात.

छापखान्याला फाइल देताना मराठी अक्षरांचे पाथ करा (म्हणजे अक्षरं रेषांच्या आकारात बदला), नाहीतर जोडाक्षरं फुटतात. हे सावकाश दाखवू.

माऊस आणाच. टचपॅडवर वळणं जमत नाहीत.