निकालाआधी छायाला पत्र

ता. घाटंजी, जि. यवतमाळ
६ मे २०२५

प्रिय छाया,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला पत्र नाही, आणि तुझा फोन आला तेव्हा ‘भाकरी तव्यावर आहे, मागाहून करते’ असे म्हणून मी तो ठेवला, ह्यावर तुला जे बोलायचे आहे ते समोर आलीस की बोल. येथे सर्व ठीक आहे. माझे गुडघे होते तसेच आहेत, ह्यांची साखर आटोक्यात आहे, सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. ऊन इतके आहे की कूलरमध्ये पाणी टाकणे हा घरातला मुख्य उद्योग झाला आहे.

पत्राचे कारण वैष्णवी आहे. फोनवर हे सांगता आले नसते, कारण आमच्याकडे रेंजसाठी गच्चीवर जावे लागते आणि गच्चीवर बोललेले शेजारच्या दोन्ही घरांना ऐकू येते. शिवाय ही गोष्ट तुझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला समजावून सांगावी लागली असती, आणि तेवढे बळ मला आत्ता नाही.

काल दुपारी एक वाजता बारावीचा निकाल लागला. राज्याचा ९१.८८ टक्के लागला, कोकण नेहमीप्रमाणे पहिले आले, आणि आज पेपरात ‘यंदाही मुलींचीच बाजी’ असा मथळा आला, जो मला वाटते छापखान्यात कायमचा जुळवून ठेवलेला असावा. दहावीचा निकाल पंधरा तारखेच्या आत लागेल असे म्हणतात. आमच्या घरात यंदा दोन नंबर आहेत, माझ्या आदित्यचा आणि भाऊजींच्या वैष्णवीचा. दोघे एकाच शाळेतले, एकाच केंद्रावर बसलेले.

काल सगळे पंख्याखाली पडले होते आणि मी ओसरीवर चिंच फोडत होते. वैष्णवी आली, समोर बसली आणि काही न बोलता चिंचोके वेगळे करू लागली. निम्मी टोपली झाल्यावर तिने कंपासपेटी उघडून माझ्यापुढे ठेवली. आत कर्कटक, गुंजभर उरलेले खोडरबर आणि त्याखाली घडी घातलेल्या नोटा होत्या; दिवाळीच्या सुट्टीत लोकांच्या शेतात कापूस वेचून मिळालेले पैसे ते. वर एक चिठ्ठी, तिच्यावर बैठक क्रमांक आणि त्याखाली ‘रेखा’ असे आईचे नाव. म्हणाली, “मोठी आई, माझा निकाल तूच पाहा. इंग्रजी गेले असेल तर बाबाला लगेच सांगू नको. मी आधी शाळेत जाऊन पुरवणी परीक्षेसाठी नाव आणि पैसे देऊन येते, मग सांग.”

बोर्डाच्या निकालात मुलाच्या क्रमांकाबरोबर आईचे नाव विचारतात, हे तुला ठाऊक असेलच. वैष्णवीच्या सोयरिकीबद्दल ज्या रेखाला आजवर कोणी एका शब्दाने विचारले नाही, तिचे नाव घातल्याशिवाय हा निकाल मात्र उघडणार नाही, ह्याचे मला काल सबंध दुपारभर हसू येत होते, आणि ते हसू काही चांगले नव्हते.

पोरीने हिशेब पक्का करून ठेवला आहे. इंग्रजीचा लेखी पेपर ऐंशीचा, वीस गुण शाळेच्या हातात. सरांनी वीसपैकी सतरा-अठरा दिले असतील असे ती धरते, म्हणजे पस्तिसासाठी लेखीत सतरा-अठराच हवेत. तेवढे पडतील का, हे ती रोज प्रश्नपत्रिका काढून मोजते, आणि रोज उत्तर वेगळे येते. पत्रलेखन चांगले झाले म्हणते. उताऱ्यावरची उत्तरे उताऱ्यातलीच वाक्ये जशीच्या तशी उचलून लिहिली आहेत. बाकीच्या विषयांची तिला चिंता नाही. मराठीत तर ती आदित्यच्या पुढे जाईल, असे मी त्याच्या तोंडावर सांगितले आहे.

आता भाऊजींविषयी. तू लगेच त्यांना नावे ठेवशील, म्हणून आधीच लिहिते की हा माणूस वाईट नाही. त्यांचा एक नियम आहे आणि तो ते न्यायाचा समजतात: “पोरगी पास झाली त शिकवू, नाही त सोयरीक पाहू.” प्रीती २०२१ साली दहावीला होती. त्या वर्षी कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला आणि प्रीती पास झाली. भाऊजींनी एक शब्द न बोलता तिला अकरावीला घातले, बारावीनंतर यवतमाळला नर्सिंगला पाठवले आणि खोलीच्या भाड्यासाठी एक गोऱ्हा विकला. कागदावर पास लिहिले होते, त्यांनी कागदाचा मान राखला. वैष्णवी ह्यावर म्हणते की ताई परीक्षा न देता पास झाली आणि मी परीक्षा देऊन नापास होईन, तेव्हा मीही कोरोनातच जन्मायला हवे होते. मी तिला म्हटले, मग आज तू पाच वर्षांची असतीस आणि मला तुझे नाक पुसावे लागले असते.

स्थळ आर्णीकडचे आहे. सात एकर ओलिताची शेती, मुलाचे ट्रॅक्टर. अठरा वर्षांच्या आत लग्न करता येत नाही हे भाऊजींना चांगले ठाऊक आहे. म्हणून आत्ता नुसती सुपारी फोडायची आणि लग्न दोन वर्षांनी, असे त्यांचे म्हणणे. सुपारी फुटलेली मुलगी त्या दोन वर्षांत एसटीने कॉलेजला जाते की सासरच्यांच्या सांगण्यावरून घरी बसते, हे तू आणि मी भरपूर पाहिले आहे. यंदा कापसाला ७५२१ रुपये हमीभाव जाहीर होता आणि आमच्याकडून दारात आलेल्या व्यापाऱ्याने त्याच्या खालीच नेला, तेव्हा मागणी घालून आलेले स्थळ, त्यात हुंडा नको म्हणणारे, माणसाला देवाने धाडल्यासारखे वाटते, हे मी नाकारत नाही.

वैष्णवीला पोलीस भरतीत जायचे आहे. भरतीला बारावी लागते. मुलींना उंची १५५ सेंटिमीटर लागते, आठशे मीटर धावावे लागते, गोळा फेकावा लागतो. रोज पहाटे ती घाटंजीच्या रस्त्याने धावते आणि परत आल्यावर धान्याच्या खोलीच्या चौकटीला पाठ लावून उभी राहते. तेथे तिने पेन्सिलीने १५५ ची रेघ मारून ठेवली आहे; हल्ली तिचे डोके त्या रेघेच्या दोन बोटे वर येते. उंचीचे काम तिच्या अंगाने केले, धावण्याचे ती करते आहे, आणि इंग्रजीच्या त्या सतरा गुणांपाशी सगळे अडले आहे.

आणि तिकडे आमचे चिरंजीव! आदित्यच्या अकोल्याच्या क्लासचे पैसे ह्यांनी परीक्षेच्या आधीच भरले. मी विचारले, कमी गुण पडले तर? तर म्हणाले, क्लासवाले दहावीचे गुण पाहतच नाहीत. खरेच आहे, ते पावती पाहतात. त्याला ऐंशी पडले काय आणि नव्वद पडले काय, जूनमध्ये त्याची गादी आणि बादली अकोल्याला जाणारच. चित्रकलेच्या इंटरमिजिएटला बी श्रेणी होती, त्याचे पाच गुण वर मिळतील, म्हणून तो आणखीच निवांत आहे. परवा जेवताना पुण्याच्या नणंदेने पाठवलेला कसलासा संदेश ह्यांनी मोठ्याने वाचला: निकाल म्हणजे आयुष्य नव्हे, गुणांना महत्त्व देऊ नका वगैरे. आदित्यने मान डोलावली. वैष्णवी वाढत होती, तिने वरणाची पळी भांड्यात परत ठेवली आणि आत निघून गेली.

छाया, हे वाक्य मुलाच्या जिवासाठी बोलायला हवे हे मला मान्य आहे. निकालाच्या दिवसांत पोरे काय करून बसतात हे पेपरात दरवर्षी येते, आणि आदित्यलाही मी जवळ बसवून सांगितले आहे की काहीही लागले तरी घरी यायचे. परंतु महत्त्व नाही असे ज्याला म्हणता येते, त्याच्यासाठी कोणीतरी आधीच पैसे भरलेले असतात. ह्यांनी पुढे तुझेच उदाहरण दिले! “छायाताईंना गणितात छत्तीस टक्के होते, आज कृषी सहायक आहेत की नाही?” मी म्हटले, छत्तीस होते म्हणूनच आहेत, चौतीस असते तर त्या आज कोठे असत्या, ते कुसुमला विचारा. त्यावर ते गप्प झाले. (गणिताशी तुझा छत्तीसचा आकडा म्हणून तुझ्या बाबांनी पेढे वाटले होते, ते मात्र मी मुलांना सांगितले. रागावू नको, दोघेही पुष्कळ दिवसांनी एकत्र हसले.)

आता कुसुमचे नाव निघालेच आहे तर ते जुने भांडण पुन्हा काढते. १९९३ च्या जूनमध्ये एसटी स्टँडवर तूच पेपर हातात घेऊन नंबर वाचत होतीस. तुझा आला, माझा आला, मध्ये कुसुमचा आला नाही, आणि तू पेपर मिटून म्हणालीस, “छापायला राहिला असेल, गुणपत्रिका आल्यावर कळेल.” तुझे म्हणणे असे की तेवढे दिवस तरी ती जेवली. माझे म्हणणे असे की तेवढ्या दिवसांत सगळ्या गावाला कळले आणि तिलाच तेवढे कळले नव्हते. ह्यावर आपण तुझ्या लग्नात भांडलो, माझ्या बाळंतपणात भांडलो, आणि मला अजूनही तुझे पटलेले नाही.

महाशिवरात्रीच्या जत्रेत कुसुम भेटली. कडेवर नातू होता. चांगली आहे, बचतगटाची अध्यक्ष आहे, आवाज पूर्वीसारखाच मोठा. आदित्य आणि वैष्णवीची परीक्षा चालू आहे म्हटल्यावर ती सहज म्हणाली, “वंदे, मला त्या साली किती होते ग इंग्रजीत?” मला कळेना. तिची गुणपत्रिका तिच्या बाबांनी शाळेतून कधी आणलीच नव्हती. ऑक्टोबरला बसायचे नव्हते, तुळशीचे लग्न होताच तिचे उरकले, मग कागदाचे काय काम होते? एका गुणाने गेली की वीस गुणांनी, हे तिला आजतागायत माहीत नाही. ती हसत विचारत होती आणि मी नातवाला फुगा घेऊन देत होते.

म्हणून काल कंपासपेटी पाहून मला आधी तूच आठवलीस. तू कुसुमसाठी जे केलेस तेच मला करायला सांगितले जात आहे, असे क्षणभर वाटले, आणि मी नाही म्हणणार होते. पण रात्री विचार केला तेव्हा दिसले की ही मुलगी धीर मागत नाही, वेळ मागते आहे. स्वतःचा निकाल तिला सर्वांच्या आधी हवा आहे. बाबाला तो फॉर्म भरल्यानंतरचा हवा आहे. आपल्या वेळी ऑक्टोबर म्हणजे वर्ष गेलेच. आता पुरवणी परीक्षा जून-जुलैतच होते, आणि एक-दोन विषय राहिले तरी अकरावीला तात्पुरता प्रवेश मिळतो. ते मी भाऊजींना मागे एकदा सांगितले, तर म्हणाले, “एटीकेटी म्हणजे उधारीचा पास.” ह्या माणसाचा कागदावर विश्वास आहे, म्हणून त्याच्यापुढे नापासाच्या कागदाबरोबर पुरवणीच्या पावतीचाही कागद ठेवायचा, असा वैष्णवीचा डाव आहे. सोळाव्या वर्षी तिने आपल्या बापाला माझ्यापेक्षा अधिक ओळखले आहे.

मला पेच वेगळाच आहे. एका चुलीवर जेवणाऱ्या दिरापासून मी त्यांच्याच मुलीचा निकाल लपवायचा, आणि रेखालाही सांगायचे नाही, कारण रेखाला खोटे बोलताच येत नाही. पुढे कळले तर ते मला काही बोलणार नाहीत, फक्त ‘वहिनी’ म्हणायचे सोडतील. शिवाय गावात निकाल एक वाजून दहा मिनिटांनी पारावर पोचतो. सेतू केंद्रात पोरांची झुंबड असते आणि तेथे प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर पाठ असतो. संध्याकाळपर्यंत लपेल की नाही ह्याची खात्री नाही, तरी मी तिला हो म्हटले आहे. कंपासपेटी आत्ता माझ्या तांदळाच्या डब्यात आहे.

तुझे कसे चालले आहे? वाशीमची बदली झाली की टळली? धाकट्याच्या दातांच्या तारा निघाल्या का? नवे घर बांधायला काढले असे ऐकले. पायाला पाणी भरपूर मार, ह्या उन्हात कंत्राटदारावर सोडू नको.

आता कामाचे. भाऊजी मृगाच्या आधी दरवर्षी बियाण्यासाठी तुला फोन करतात आणि तुझ्या शब्दाबाहेर जात नाहीत. निकालाच्या दिवशी दुपारी एकपासून फोन जवळ ठेव. मी नुसती रिंग देऊन कापला तर वैष्णवी पास आहे असे समज आणि संध्याकाळी दोघांचे अभिनंदन कर. मी रिंग न कापता बोलले, तर मात्र तू लागलीच भाऊजींना फोन लाव, कपाशीच्या वाणापासून सुरुवात कर, बोंडअळीवर ये, मग तुरीवर, मग सोयाबीनच्या उगवणक्षमतेवर, आणि शाळेचे ऑफिस बंद होईपर्यंत त्यांना गच्चीवरून खाली उतरू देऊ नको. निकालाचा विषय त्यांनी काढला तर ‘छापायला राहिला असेल’ असे म्हणू नको म्हणजे झाले.

तुझी,
वंदना

ता. क. उत्तर पत्राने पाठवू नको. पोस्टमन पत्रे भाऊजींच्याच हातात देतो.