सांभाळणाऱ्यांचेही अनुभव छापा

महोदय,

माझ्या आईला अल्झायमर आहे. रोज दिवेलागणीला उशीचा अभ्रा काखेत धरून ती दाराशी उभी राहते. "मला घरी सोड." हेच तुझं घर, म्हणून मी वर्षभर हुज्जत घातली. माझा आवाज चढायचा, मग रात्री मीच रडायचे. संध्याकाळी वाढणारी ही अस्वस्थता आजाराचाच भाग असते, हे मला कळलं दवाखान्याच्या बाकावर. एक अनोळखी गृहस्थ त्यांच्या वडिलांचं सांगत होते. म्हणाले, "वाद घालू नका. घरी कोण कोण आहे, ते विचारा." विचारलं. आई खाली बसली आणि शाळेतल्या मैत्रिणीशी झालेलं भांडण अर्धा तास रंगवून सांगत राहिली. (मैत्रिणीला नाव मात्र माझं!)

जगात ५.५ कोटींहून अधिक लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण त्याला 'म्हातारचळ' म्हणून मोकळे होतो. २१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनी, लक्षणांची यादी छापून येते, ती हवीच. तिच्याशेजारी सांभाळणाऱ्यांचे अनुभव, चिडचिडीसकट, छापाल का? पहिला मी पाठवते.

– एक वाचक