बंड्या, दादाचं सांगायचं होतं

इंदूर

बंड्या,

व्हॉट्सॲपवर टाकलं असतं तर तू हात जोडलेला इमोजी पाठवून मोकळा झाला असतास, म्हणून हे लांबलचक. आईचे गुडघे तेच, माझी शुगर बॉर्डरला. झालं.

दादाचं सांगायचंय. गेली काही वर्षं सगळी गल्ली म्हणून राहिली होती की पन्नाशीत काय बॉडी ठेवलीये, पंजे बघा, जबडा बघा, आणि हा मिशीला पीळ देत ऐकायचा. बूट 9 चे 11 झाले, अंगठी सराफ्यात कापून काढावी लागली, तरी घरात निदान एकच, पोहे-जलेबी. मग रालामंडलच्या टेकडीच्या चढावर अर्ध्यात बसला. आपल्याला मागून ढकलत वर नेणारा माणूस रे, आणि एक काकू त्याला विचारतायत, "भैया, पानी दूँ?" मला शपथ घातली घरी सांगू नकोस म्हणून, मी त्याच रात्री वहिनीला सांगितलं.

टीएमटीत, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात त्यात, लवकर दमला, बीपी चढलेलं, इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाच्या भिंती जाड. मी म्हटलं पैलवानाचं हृदय आहे, असणारच. पण डॉक्टर इको सोडून त्याचे हातच बघत बसले. दातांत फटी कधीपासून? घाम? घोरता? जुने फोटो आणा म्हणाले. तुझ्या लग्नातला नेला, तू घोडीवरून घसरतोयस तो, डॉक्टर आधी तुलाच हसले.

मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथीत गाठ आहे, कॅन्सर नाही, पण ग्रोथ हार्मोन सोडत बसलीये. ॲक्रोमेगॅली म्हणतात, त्यानेच हात, पाय, जबडा वाढत गेले. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून रक्त घेतलं, आपलं हार्मोन त्याने खाली येतं, ह्याचं येईना. दादा म्हणे जलेबी दिली असती तर आलं असतं. आणि कुस्तीवाल्या खलीच्या पिट्युटरीची गाठ 2012 मध्ये अमेरिकेत काढली होती हे कळल्यावर तर स्वारी खूशच!

मला झोप नाही ती हृदयाची. सुरुवातीला म्हणे ह्या हार्मोनने हृदय उलट जोरात चालतं. मग स्नायू जाड होतो, आत चिवट तंतू भरतात, आवळायला ठीक पण सैल व्हायला तयार नाही, आणि सैलच नाही झालं तर रक्त भरणार कुठून? बसल्या जागी भागतं, पंपिंगचा आकडा इकोत छान दिसतो, पण चढावर ठोके वाढले की भरायला वेळच मिळत नाही आणि तिथे बिंग फुटतं. दंडांचंही तेच, दिसायला भरलेले, दम नाही. वरून बीपी आणि झोपेत श्वास अडकणं, तोही भार तिथेच.

ऑपरेशन नाकातून करतात, पुढच्या महिन्यात आहे, थोडी गाठ राहिली तर महिन्याला इंजेक्शन. हार्मोन ताब्यात आलं की हृदयाच्या भिंतींची जाडी उतरते, दमही सुधारतो, पण वय कमी आणि दुखणं नवं असेल तर जास्त. दादा 52 चा. आणि दुखणं किती जुनं, हेच कुणाला माहीत नाही! म्हणून मी रात्री फोटो मांडून बसतो. मांडूच्या फोटोत मला जबडा ठीक वाटतो, वहिनी म्हणते छे, तेव्हाच सुरू झालेलं.

आता तुझं काम. तू दादाशी पंजा लढवून हरलास आणि "ह्याचा पंजा वाढलाय, पकडच बसत नाही, चीटिंग आहे" म्हणून जेवणाचं ताट सोडून निघून गेलास, ती कोणती दिवाळी? मी 2018 म्हणतो, वहिनी 2015. तू रडका आहेस, पण तारखा तुझ्या पक्क्या असतात. आणि तुझ्या जुन्या कॅमेऱ्यातले त्याचे सगळे फोटो पाठव, हातांचे खास.

प्रमोशनचं ऐकलं, मस्त. पिंकी दहावीला ना यंदा? तिला ऑल द बेस्ट, सुनीताला नमस्कार.

दादाला फोन कर, पण पंजाचा विषय काढू नकोस, ऑपरेशनच्या आधी एक डाव होऊन जाऊ दे म्हणेल.

तुझा,
नंदू