दोष नळीचा कमी, काजळीचा जास्त

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतील हरणांच्या शिकारीवर आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या लेखात ठासणीच्या रायफलीला ‘हौसेची, बिनभरवशाची’ म्हटले आहे. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर दिसणारी केपची बंदूक डोळ्यांसमोर असेल तर तसे वाटणे साहजिक आहे. पण इथे ओहायोत जानेवारीच्या सुरुवातीला जो ठासणीचा खास हंगाम असतो, त्यात बहुतेकांच्या हाती ‘इनलाइन’ रायफल असते. बंदूक बनवणाऱ्या टोनी नाइट यांनी १९८५ मध्ये आणलेल्या एमके-८५ रायफलीनंतर हा प्रकार रुळला. दारू आणि गोळी तोंडाकडूनच ठासायची, पण मागे नळीच्या सरळ रेषेत शॉटगनचा २०९ नंबरचा प्रायमर (दारू पेटवणारी ठिणगीची टोपी), नळी .५० इंच व्यासाची, तिच्या आतले आटे २८ इंचांत एक वेढा घेणारे आणि वर दुर्बीण. अशी रायफल १०० यार्डांवर दोन इंचांत तीन गोळ्या बसवू शकते.

बसत नसतील तर नवशिका आधी दुर्बिणीवर संशय घेतो, मग गोळीवर, आणि शेवटी दुसरी रायफल घेतो. दुर्बिणीचे स्क्रू जरूर तपासावेत, ते पाच मिनिटांचे काम आहे. खरी गोम नळीच्या आत असते. काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपात मागे उरतो. तिच्याऐवजी पायरोडेक्स किंवा ट्रिपल सेव्हन ही पर्यायी दारू वापरली तरी काजळी चुकत नाही. पहिली गोळी तेलकट नळीतून जाते, दुसरी काजळलेल्या, तिसरी तर अंगाचा जोर लावून खाली ढकलावी लागते. मग तिन्ही एका जागी लागाव्यात कशा?

म्हणून प्रत्येक बाराआधी नळीची अवस्था सारखी हवी. सुरुवातीला अल्कोहोल लावलेल्या चिंधीने तेल पुसून काढावे. बंदूक रिकामी असल्याची ठासायच्या गजाने खात्री करून, तोंड गवताकडे धरून नुसता प्रायमर उडवावा. गवताचे पाते हलले तर ठिणगीची वाट मोकळी आहे. त्यानंतर प्रत्येक बार झाला की किंचित ओलसर चिंधी एकदा खाली-वर, उलटून पुन्हा एकदा, आणि मग कोरडी. ओलसर म्हणजे पिळून पाणी न गळणारी. चिंधी जास्त भिजली, किंवा गजाच्या टोकावर फार घट्ट बसली, तर काजळीचा चिखल ब्रीच प्लगच्या, म्हणजे नळीचे मागचे टोक बंद करणाऱ्या आट्यांच्या बुचाच्या, छिद्रात जातो आणि पुढचा बार उडतच नाही.

ट्रिपल सेव्हनची वेगळी खोड आहे. दारू संपून गोळी जिथे सुरू होते, तिथे नळीच्या आत कीट जमून कडक कडे तयार होते. त्यावर सेबो, म्हणजे गोळीभोवतीचे प्लॅस्टिकचे वेष्टण, अडकले की गोळी तळाला बसली असा भास होतो. दारू आणि गोळीत पोकळी राहिली तर नेम जातोच, नळी फुगण्याचा किंवा फुटण्याचाही धोका असतो. गजावर दोन खुणा कराव्यात, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या नळीची. दुसरी खूण जुळल्याशिवाय प्रायमर लावू नये. या कड्यावर उपाय म्हणजे सौम्य प्रायमर (विंचेस्टर खास ट्रिपल सेव्हनसाठी बनवते), थोडी कमी दारू आणि दर बाराला चिंधी.

ब्लॅकहॉर्न २०९ या आणखी एका पर्यायी दारूचे नेमके उलट. काजळी इतकी कमी की मध्ये पुसल्याशिवाय बरेच बार होतात, पण ती पेटायला कठीण. तिला सीसीआय २०९एम किंवा फेडरल २०९ए सारखा जोरदार प्रायमर आणि त्या दारूला चालणारा ब्रीच प्लग लागतो. ट्रिपल सेव्हनचा सौम्य प्रायमर इथे लावला की बार उशिरा उडतो. प्लगच्या वाटेत साचलेला कार्बन १/८ इंचाचे ड्रिल बिट हाताने फिरवून काढावा. तिची काजळी पाण्याने नव्हे, सॉल्व्हंटने निघते. चाप ओढूनही बार झाला नाही, तर किमान एक मिनिट नळी निशाणाच्या दिशेलाच धरून ठेवावी.

दारू मापाने, म्हणजे आकारमानाने मोजायची असते. ब्लॅकहॉर्नचे मापातले १०० ग्रेन (ग्रेन हे दारू मोजायचे छोटे परिमाण) तराजूवर ७० च्या आसपास भरतात. तराजूवर १०० भरणारा मर्यादा ओलांडून बसतो. आधुनिक बिनधुराची दारू साध्या ठासणीच्या रायफलीत कधीच नको. दारूच्या ५० ग्रेनच्या तयार गोळ्या मिळतात; अशा तीन गोळ्यांचा १५० चा बार डब्यावरच शोभतो, दोन पुरतात. सुटी दारू ८० पासून सुरू करावी, पाच-पाचने वाढवावी, रायफलीच्या पुस्तिकेतली मर्यादा पाळावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

उडालेले सेबो नळीच्या पुढे काही अंतरावर सापडतात. ते उचलून बघावेत, निशाणाच्या कागदापेक्षा जास्त सांगतात. पाकळ्या सारख्या उलगडल्या असतील तर ठीक. बूड फाटले असेल तर सेबो सैल आहे किंवा दारू जास्त झाली. उन्हाळ्यात तापलेल्या नळीत प्लॅस्टिक मऊ पडते, तेव्हा दोन बारांमध्ये पाच-दहा मिनिटे थांबावे.

सफाई त्याच संध्याकाळी करावी. पायरोडेक्समधल्या पर्क्लोरेटमुळे क्लोराइड उरते आणि ओल धरून नळीला गंज चढवते. गरम साबणपाणी, कोरड्या चिंध्या, तेलाचा पातळ हात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंधी फिरवून तपासणी. ब्रीच प्लगच्या आट्यांना ग्रीस लावले नाही तर हंगाम संपेपर्यंत तो नळीत जाम होतो.

इथून कोलोरॅडोला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथल्या ठासणीच्या हंगामात दुर्बीण, सेबो आणि दारूच्या तयार गोळ्या, तिन्हींना मनाई आहे. तिथे सुटी दारू आणि सेबोशिवाय नळीत बसणारी शिशाची गोळी घेऊन उघड्या साइटवर नेम पहिल्यापासून बसवावा लागतो, आणि ते काम निघण्याआधी घरच्या रेंजवरच उरकावे.

आपला,
एक वाचक, ओहायो, अमेरिका