बायोमेडिकलचे एम.टेक. करायचे, तर आधी मिरजेचे दवाखाने बघा

महोदय,

इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा मेकॅनिकल झाल्यावर बायोमेडिकलमध्ये, म्हणजे वैद्यकीय यंत्रांच्या अभियांत्रिकीत, एम.टेक. करावे का, असे सांगली-मिरजेकडची शेवटच्या वर्षाची मुले आणि त्यांचे पालक वरचेवर विचारतात. जरूर करावे. मात्र तयारीच्या नावाखाली नुसते गेटचे, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचे, क्लास लावले जातात आणि ज्या यंत्रांवर पुढची दोन वर्षे घालवायची ती यंत्रे मुलांनी उघडूनही पाहिलेली नसतात. त्याबद्दल हे पत्र.

परीक्षेचे आधी उरकतो. गेटमध्ये २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे, त्याचा कोड बीएम. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. सर्किट, सिग्नल, मोजमाप, सेन्सर यांच्या जोडीला शरीररचना व शरीरक्रिया, मेडिकल इमेजिंग, बायोमेकॅनिक्स आणि बायोमटेरियल्स आहेत. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलाला पहिला भाग ओळखीचा असतो. शरीरक्रियेचे पुस्तक मात्र तो जानेवारीत उघडतो आणि तिथेच गुण जातात. आणखी एक गोष्ट अर्ज भरण्याआधीच ठरवावी लागते. बीएमचा स्कोअर बायोमेडिकलबाहेर फारसा चालत नाही. उलट इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशनच्या पेपरवर अनेक संस्था बायोमेडिकललाही प्रवेश देतात. ठरावीक जोड्यांत दोन पेपर देण्याची सोय आहे, ती वापरावी. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत होते, स्कोअर तीन वर्षे चालतो आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही बसता येते. म्हणजे एक वर्ष नुसते अंदाज घेण्यासाठी हातात असते.

खरी तयारी टेबलावर होते. ईसीजीचा, म्हणजे हृदयाचे विद्युत सिग्नल वाढवून दाखवणारा, साधा अॅम्प्लिफायर घ्या. छातीवरून मिळणारा सिग्नल जेमतेम १ मिलीव्होल्टचा. तो हजारपट करायचा, म्हणून मुले पहिल्याच टप्प्याला हजारचा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा तो आकडा) लावतात आणि पडद्यावर सरळ रेघ येते. आयसी जळाला समजून तो बदलतात, तरी रेघ तशीच. कारण इलेक्ट्रोड आणि त्वचा जिथे टेकतात तिथे स्वतःचा डीसी व्होल्टेज तयार होतो आणि दोन इलेक्ट्रोडमधला हा फरक ३०० मिलीव्होल्टपर्यंत जाऊ शकतो. त्याला हजारने गुणले की ५ व्होल्टच्या सप्लायवर आउटपुट कडेला जाऊन अडकते. पहिला टप्पा १० च्या आसपास ठेवावा. एडी६२० हा अॅम्प्लिफायरचा आयसी असेल तर ५.६ किलोओहमचा रेझिस्टर लावला की गेन ९.८ येतो. मग ०.०५ हर्ट्झच्या फिल्टरने डीसी काढून टाकावा आणि उरलेला १०० चा गेन त्यापुढे द्यावा.

यानंतर रेघेवर ५० हर्ट्झची जाड झालर दिसते आणि मुले घाईने नॉच फिल्टर, म्हणजे तेवढीच एक वारंवारता गाळणारे सर्किट, टाकतात. त्याने झालर जाते, पण क्यूआरएसच्या, म्हणजे ठोक्यातल्या उंच टोकाच्या, मागे खोट्या लहरी उमटतात आणि डॉक्टरला नेमके तिथेच बघायचे असते. दोष बहुतेक वेळा वाळलेल्या जेलमध्ये असतो. एका इलेक्ट्रोडचा विरोध दुसऱ्यापेक्षा वाढला की अंगावर सारखीच आलेली लाइनची गुणगुण दोन इनपुटांवर वेगवेगळी पोहोचते आणि सिग्नल म्हणून वाढवली जाते. त्वचा पुसावी, नवे इलेक्ट्रोड लावावेत, वायरी एकमेकींना पीळ देऊन बांधाव्यात, उजव्या पायाची ड्राइव्ह, म्हणजे ही गुणगुण उलटी करून अंगाला परत देणारी जोडणी, जोडावी. नॉचचा विचार त्यानंतर. आणि माणसाला जोडलेले सर्किट फक्त बॅटरीवर चालवावे, लॅपटॉपचा चार्जरही काढून ठेवावा. हृदयाशी थेट संबंध येणाऱ्या सीएफ प्रकारच्या भागाला वैद्यकीय विद्युत यंत्रांच्या सुरक्षेच्या आयईसी ६०६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे नेहमीच्या स्थितीत रुग्णाच्या अंगातून १० मायक्रोअँपिअर गळतीचीच मुभा आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला साधा मल्टिमीटर एवढा प्रवाह भरवशाने दाखवत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रकल्पाला सध्या सगळ्यांना एआय हवे असते. हरकत नाही, पण एक चूक सरसकट होते. एमआयटी-बीआयएच हा ईसीजीचा सर्वांत परिचित संच ४७ जणांच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ नोंदींचा आहे. मुले त्यातले ठोके एकत्र मिसळून शिकवणीचे आणि चाचणीचे असे दोन ढीग करतात. एकाच माणसाचे ठोके दोन्ही ढिगांत गेल्यावर मॉडेल आजाराऐवजी माणूस ओळखायला शिकते. अहवालात ९९ टक्के लिहिले जातात आणि नव्या रुग्णावर मॉडेल कोसळते. वाटणी रुग्णानुसार करावी. नोंद क्रमांक २०१ आणि २०२ एकाच व्यक्तीच्या आहेत, त्या दोन्ही एकाच ढिगात ठेवाव्यात. आकडा खाली येईल, पण तो खरा असेल. रुग्णांची माहिती स्वतः गोळा करायची असेल तर नैतिकता समितीची परवानगी लागते आणि तिला महिने जातात. तिसऱ्या सत्रात अर्ज करणाऱ्याचा प्रबंध हमखास रखडतो, दुसऱ्या सत्रातच करावा.

हे सगळे शिकायला आपल्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. सांगलीत १९४७ पासूनचे वालचंद महाविद्यालय आहे आणि तिथून थोड्याच अंतरावर मिरज. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, वॉनलेससारखे जुने मिशन हॉस्पिटल आणि लहानमोठे कितीतरी दवाखाने तिथे आहेत. तरीही या दोन गावांतला अभियांत्रिकीचा विद्यार्थी व्हेंटिलेटरचा ऑक्सिजन सेल २१ आणि १०० टक्क्यांवर कसा कॅलिब्रेट करतात किंवा हृदयाला विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटर ५० ओहमच्या लोडवर कसा तपासतात, हे न पाहताच पदवी घेतो. मद्रास आयआयटी, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था या तिघांनी मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचे, म्हणजे रुग्णालयाशी जोडलेल्या अभियांत्रिकीचे, एम.टेक. उभे केले आहे. आपल्याला एवढी मोठी मजलही मारायची नाही.

येथील महाविद्यालयांना आणि रुग्णालयांना विनंती आहे, की आठवड्यातून एक दुपार, चार-पाच मुले, रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागात, एवढे तरी सुरू करा. रुग्णाला लावलेल्या यंत्राला हात लावायचा नाही. तपासणीसाठी विभागात आलेले इन्फ्युजन पंप (सलाइन-औषध ठरावीक वेगाने देणारे) आणि मॉनिटर तेवढे बघायचे. पंपावर ताशी ५० मिलिलिटर लावून एक तास मोजपात्रात पाणी घ्यायचे आणि फरक ५ टक्क्यांच्या आत आहे का, ते वहीत लिहायचे. भंगारात निघालेली यंत्रे बॅटरी काढून, निर्जंतुक करून आणि रुग्णांची माहिती पुसून महाविद्यालयाला द्यावीत, सोबत सर्व्हिस मॅन्युअलही द्यावे. मॅन्युअल नसेल तर मुले यंत्र उघडतील आणि तसेच बंद करतील. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या सत्रापासून हे सुरू करता येईल. त्यासाठी प्राचार्य आणि रुग्णालयाचे अधीक्षक यांच्यात एका पानाचा करार पुरेसा आहे.

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली